‘मुक्त पतन’: मुक्त, पण कशापासून?

प्रश्न असा आहे: ‘मुक्त पतनात वस्तू वजनविरहित असते, असं वाचलं. मग तिच्यावरचं गुरुत्वबल शून्य धरायचं का? आणि ते ९.८ नक्की कशाचे?’

शून्य मुळीच धरायचं नाही. घोटाळा ‘मुक्त’ या शब्दाने केला आहे. कर्जातून मुक्त, बंधनातून मुक्त, तसं हे गुरुत्वाकर्षणातून मुक्त असणार असं सहज वाटतं. परिभाषेत अर्थ नेमका उलटा आहे: गुरुत्वबल तेवढं उरलं, बाकीच्या सगळ्या बलांपासून सुटका. खाली आधार नाही, दोरीचा ताण नाही, हवेचा विरोधही नाही. ‘पतन’ही तसं फसवंच. सरळ वर फेकलेला चेंडू हातातून सुटला की, हवेचा विरोध सोडल्यास, वर जातानासुद्धा मुक्त पतनातच असतो.

आता ९.८. बोलताना आपण ‘गुरुत्वाकर्षण ९.८’ म्हणून मोकळे होतो, पण ते बल नव्हे, गुरुत्व त्वरण आहे. त्वरा, त्यावरून त्वरण: वेग दर सेकंदाला किती बदलतो ते. एकक मीटर प्रति सेकंद वर्ग. बल हवं असेल तर त्याला वस्तुमानाने गुणायचं. २५० ग्रॅमचा दगड घ्या. आधी ग्रॅमचे किलोग्रॅम करा, ०.२५. मग ०.२५ × ९.८ = २.४५ न्यूटन. ही पायरी गाळली की उत्तर २४५० येतं, म्हणजे पाव किलोच्या दगडावर २५० किलोच्या वस्तूएवढं बल! पडायला लागल्यावर एका सेकंदाने वेग ९.८, दोन सेकंदांनी १९.६ मीटर प्रति सेकंद होतो. बल मात्र २.४५च. वेग वाढला म्हणून बल वाढवून लिहिणारे पुष्कळ भेटतात.

राहिलं ‘वजनविरहित’. बाजारातलं ‘वजन पाव किलो’ हे भौतिकशास्त्राच्या भाषेत वस्तुमान; तिथे वजन म्हणजे गुरुत्वबलच, म्हणून ते न्यूटनमध्ये. आणि काटा दाखवतो तो या दोन्हींपैकी एकही नाही, तो दाखवतो वस्तू त्याला किती बलाने दाबते ते. दगड काट्यावर ठेवून दोन्ही एकदम सोडून दिले, तर दगड काट्याला दाबतच नाही, कारण काटाही तितक्याच त्वरणाने खाली चाललेला असतो. काटा शून्य दाखवतो, बल २.४५ न्यूटनच असतं. माझ्या मते ‘आधारविरहित’ म्हटलं असतं तर निम्मा गोंधळ टळला असता, पण रुळलेला शब्द आता कोण बदलणार?

अंतराळस्थानकातल्या तरंगण्यालाही हेच लागू: स्थानक आणि आतली माणसं एकाच त्वरणाने मुक्त पतनात असतात. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्व त्वरण अजून ८.७च्या आसपास असतं. हे त्वरण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं; ते काढताना अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजा, ६४०० + ४०० = ६८०० किलोमीटर. नुसते ४०० घातलेत तर उत्तर अडीचशे पटींहून जास्त फुगेल.