सेल्फ ‘टक्’ म्हणतो आणि गप्प बसतो : बोटीच्या वायरिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

नारळी पौर्णिमा झाली, पावसाळ्यासाठी शाकारून ठेवलेल्या बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या आणि आमच्याकडे विजेच्या तक्रारी येऊ लागल्या. सगळे प्रश्न १२ व्होल्टच्या बोटींबद्दलचे आहेत. उत्तरं वाचताना हाताशी डिजिटल मल्टीमीटर असू द्या. स्वस्तातलाही चालेल.

प्रश्न (देवबाग) : ४० एचपीचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन) आहे. चावी फिरवली की नुसतं ‘टक्’ होतं, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरत नाही. चार-पाच वेळा केलं की अचानक सुरू होतं. बॅटरी चार महिन्यांपूर्वीच घेतली आहे, मीटरवर १२.६ दाखवते. मेकॅनिक म्हणतो बॅटरी बदला. काय करावं?

बॅटरीला इतक्यात हात लावू नका. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली आहे, पण सेल्फ शंभरेक अँपिअर मागतो तेव्हा ती टिकते का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आणि ‘चार-पाच वेळा केलं की लागतं’ हे लक्षण बॅटरीपेक्षा सैल किंवा गंजलेल्या जोडाचं, नाहीतर सोलेनॉइडचं, म्हणजे चावी फिरवल्यावर सेल्फला वीज जोडणाऱ्या स्विचचं असतं.

गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि किल स्विचची दोरी (चालकाच्या अंगाला बांधायची, निघाली की इंजिन बंद करणारी) काढून ठेवा. बहुतेक आउटबोर्डांत दोरी काढली तरी सेल्फ फिरतो, फक्त ठिणगी बंद होते. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटर बघायचा. एका वेळी पाच सेकंदांहून जास्त फिरवू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ जळेल.

आधी मीटरच्या दोन्ही सुया बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा. वायरच्या लगवर (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर) नव्हे, खुद्द खुंटीवर. सेल्फ फिरताना आकडा १० च्या वर राहिला तर बॅटरी ठणठणीत आहे. ९.६ च्या खाली गेला तर मेकॅनिक बरोबर. नुसतं ‘टक्’ होऊन आकडा १२.४ वरच राहिला, तर बॅटरी द्यायला तयार आहे पण करंट वाटेत अडतो आहे.

तो कुठे अडतो ते आता बघायचं. एक सुई पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर ठेवा. चावी सोडलेली असताना इथे १२ दिसणारच, त्याला घाबरू नका. चावी फिरवल्यावर तो अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवा. मग निगेटिव्ह खुंटी ते इंजिनाचा ब्लॉक, ही मोजणी ०.३ च्या आत हवी. ज्या बाजूला दोन-तीन व्होल्ट दिसतील ती बाजू तुकड्या-तुकड्याने मोजत जा: खुंटी ते लग, लग ते वायर, मेन स्विचची आत-बाहेरची टोकं. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांमध्ये ‘टक्’ झाल्यावरही १२ राहिले, तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत. सोलेनॉइड बदला, तो उघडून घासत बसण्यात अर्थ नाही.

खाऱ्या हवेत सर्वांत जास्त धोका देते ती लगच्या मागची वायर. वरून रबर नवं दिसतं, पण खारं पाणी तारांमधून वातीसारखं आत चढतं. लगपासून चार बोटं रबर सोलून बघा. तांबं काळं किंवा हिरवट दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा; लागलंच नाही तर पूर्ण केबल टाका. बॅटरी इंजिनाजवळ असेल तर २५ चौरस मिमी, दोन मीटरपेक्षा लांब असेल तर ३५. तार कथील चढवलेल्या तांब्याची असावी, लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेली आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून जोडलेली तार धक्क्यांनी सोल्डर संपतो तिथेच तुटते. बॅटरीवर फुलपाखरी नट असतील तर तेही काढा आणि षटकोनी नट लावून पान्याने आवळा. बोटांनी आवळलेला नट लाटांच्या आपटण्याने ढिला होतो, हे तुम्हाला सांगायला नको. जोड घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.

‘टक्’ हा आवाजच येत नसेल तर शोध वेगळा. तेव्हा न्यूट्रल स्विच, इंजिनाचा मेन फ्यूज आणि चावीचा स्विच तपासा.

प्रश्न (मांडवा) : व्हीएचएफवर (बोटीच्या वायरलेस सेटवर) चॅनल १६ स्वच्छ ऐकू येतं, पण बोलायचं बटण दाबलं की सेट बंद होऊन परत चालू होतो. सेट खराब आहे का?

सेट बहुधा चांगला आहे, त्याला वीज पुरत नाही. ऐकताना व्हीएचएफ अर्ध्या अँपिअरच्या आसपासच घेतो. २५ वॅटवर बोलताना त्याला पाच-सहा लागतात. पॉवर १ वॅटवर टाकून बोलून बघा. तसं चाललं तर दोष वायरमध्ये.

तुम्ही लिहिलंय की बॅटरी ते सेट आठ मीटर अंतर आहे आणि वायर ०.७५ चौरस मिमीची आहे. जाऊन-येऊन सोळा मीटर झाले, त्यांचा रोध सुमारे ०.४ ओहम. साडेपाच अँपिअरला वाटेतच २.३ व्होल्ट गेले आणि १२.४ चे सेटपाशी १०.१ उरले. बहुतेक सेट ११.७ च्या खाली चालतील याची हमी देत नाहीत. अशा यंत्रांना वाटेतली घट ३ टक्क्यांच्या आत हवी. ४ चौरस मिमी घेतलीत तर घट ०.४४ व्होल्ट, म्हणजे साडेतीन टक्के. ६ घ्या, ती ०.३ च्या आत येते. दिव्यांच्या फांदीवर सेट जोडू नका. फ्यूज बॉक्सपासून स्वतंत्र जोडी ओढा.

सेट बंद पडत नाही पण तुमचं कुणाला ऐकू जात नाही, असं असेल तर मात्र अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं सापडेल.

प्रश्न (मुरूड) : बोट दोन आठवडे उभी राहिली की बॅटरी उतरते. सगळे स्विच बंद असतात.

स्विच बंद असले तरी काहीतरी पीत आहे. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि खुंटी व वायर यांच्यामध्ये मीटर जोडा. या अवस्थेत चावी मुळीच फिरवायची नाही, मीटर जळतो. ०.०३ अँपिअर दिसले तर चिंता नको. ०.२ दिसले तर हिशेब करा: दिवसाला ४.८ आणि चौदा दिवसांत ६७ अँपिअर-तास. ७० ची बॅटरी संपली.

मग एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल ती ओळ गुन्हेगार. बहुतेकदा म्युझिक सिस्टिमची मेमरी वायर निघते. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर पॅनेलच्या मागे बघा. तिथे मीठ बसलं की दमट रात्री त्यातूनच वीज झिरपते. गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा.

वायर परत लावताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. क्षणभर जरी उलटी लागली तरी इंजिनाचा रेक्टिफायर (इंजिनाची एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) जातो. इंजिन चालू असताना मेन स्विच बंद केला तरीही तो जाऊ शकतो. पुढच्या वेळी बोट शाकारताना बॅटरी घरी आणा आणि महिन्यातून एकदा चार्जरवर १४.४ पर्यंत चढवा. उतरलेल्या अवस्थेत पावसाळाभर पडलेली बॅटरी पुन्हा पूर्ववत होईल ही आशा सोडा.

प्रश्न (वेंगुर्ला) : बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) पॅनेलच्या बटणावर चालतो, पण पाणी भरल्यावर आपोआप सुरू होत नाही.

फ्लोट (पाण्याबरोबर वर उचलला जाऊन पंप सुरू करणारा स्विच) हाताने वर उचला. चालला तर फ्लोटखाली तेलाचा चिखल किंवा जाळ्याचा नायलॉन अडकतो आहे, साफ करा. नाही चालला तर फ्लोटच्या दोन वायरी एकमेकींना टेकवा. पंप फिरला की स्विच मेला, बदला. तेव्हाही फिरला नाही तर त्या ओळीला वीज पोचत नाही. फ्यूज आणि जोड बघा. हे जोड हमखास तळातल्या पाण्यातच केलेले असतात. ते वर, कोरड्या जागी घ्या.

आपोआप चालणारी ओळ मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून यायला हवी, नाहीतर मेन बंद करून घरी गेलात की पंपही बंद. फ्यूज पंपावर छापलेल्या अँपिअरचाच. ‘सारखा उडतो’ म्हणून मोठा घालणारे बरेच आहेत. पंख्यात दोरा अडकून मोटर थांबते तेव्हा ती गरम होऊन पेटू नये म्हणूनच फ्यूज उडत असतो.

प्रश्न (चापोरा, गोवा) : इंजिनाचं झिंक (इंजिनाचा धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, म्हणजे ॲनोड) दोन महिन्यांत संपतं. हे वीजगळतीमुळे असेल का?

असू शकतं. पंपाची किंवा दिव्याची उघडी पॉझिटिव्ह तार तळातल्या पाण्यात बुडली असेल तर नवं झिंकही झपाट्याने खाल्लं जातं. वरच्या मुरूडच्या उत्तरातली मोजणी आधी करून घ्या. ती स्वच्छ निघाली आणि बोट खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात उभी राहत असेल, तर झिंकऐवजी ॲल्युमिनियमचे ॲनोड लावा, ते तिथे जास्त भरवशाचे. बसवण्याआधी खालचा धातू पॉलिश पेपरने घासून चमकवा, ॲनोडवर रंग लावू नका आणि तो निम्मा झाला की बदला.