वित्त आयोगाचा निधी आणि ग्रामस्थांचा शब्द : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावाला वित्त आयोगाचा निधी दरवर्षी मिळतो. त्यातून गेली काही वर्षे मंदिराच्या आवारात आणि चावडीसमोर पेव्हर ब्लॉक बसविण्याचीच कामे झाली आहेत. आमच्या वस्तीतील सांडपाणी मात्र बारा महिने रस्त्यावरून वाहते. ग्रामसभेत विषय काढला की ‘निधी बंधित आहे, तुम्ही म्हणाल तिथे तो खर्च करता येत नाही’ असे उत्तर मिळते. हे खरे आहे काय?
– एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर : निधी बंधित असतो हे खरे आहे, परंतु तो ज्या कामांसाठी बांधलेला आहे, त्यांतच आपल्या वस्तीचे काम येते. केंद्राच्या पैशातून राज्यांना आणि पंचायतींना किती वाटा मिळावा हे सुचविणाऱ्या वित्त आयोगांपैकी पंधराव्या आयोगाने 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी पंचायतींच्या अनुदानाचे दोन भाग केले. 60 टक्के निधी बंधित ठेवला आणि त्याचा निम्मा वाटा स्वच्छतेसाठी, तर निम्मा पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याचे संकलन आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी राखून ठेवला. उरलेला 40 टक्के निधी अबंधित असून पगार व आस्थापना सोडून गावाच्या इतर गरजांसाठी तो वापरता येतो. पेव्हर ब्लॉक बसले असतील तर ते या दुसऱ्या भागातून बसले असले पाहिजेत, आणि बंधित निधीतून बसले असतील तर तो स्वतंत्र आक्षेपाचा विषय आहे. म्हणजे ज्या शब्दाने आपल्याला गप्प केले जाते, तो शब्द वस्तुतः आपल्या बाजूचा आहे.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. अर्जात केवळ ‘गटार बांधून मिळावे’ असे लिहिण्यापेक्षा ‘वस्तीतील सांडपाण्याची विल्हेवाट’ असे लिहावे, कारण गटाराने पाणी फक्त पुढच्या आळीत जाते आणि पुढच्या वर्षी तीच तक्रार तिथून येते. जागा असेल तिथे घरोघरी शोषखड्डे आणि नसेल तिथे सार्वजनिक शोषखड्डा, असे काम स्वच्छ भारत मिशनच्या निधीशी जोडूनही घेता येते, आणि त्यामुळे ‘एवढे पैसे कुठून आणायचे’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी आधीच तयार राहते. 2025-26 नंतरच्या वर्षांसाठी सोळाव्या वित्त आयोगाच्या अटी लागू होतात. तेव्हा त्या वर्षीचे शासन परिपत्रक आराखड्याच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे, अशी मागणी लेखी करून ठेवावी.

आता खरी अडचण सांगतो. बहुतेक ग्रामस्थ बोलायला उभे राहतात ते काम सुरू झाल्यावर, जेसीबी दारात आल्यावर. तोपर्यंत त्या कामाचे अंदाजपत्रक झालेले असते, तांत्रिक मान्यता मिळालेली असते आणि ते ज्या आराखड्यात बसते, तो आराखडा ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या कामांच्या ऑनलाइन प्रणालीवर चढलेला असतो. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली पुढच्या आर्थिक वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा आदल्या वर्षीच्या उत्तरार्धात तयार केला जातो आणि त्याला ग्रामसभेची मान्यता लागते. आपला शब्द टिकायचा असेल तर तो त्या सभेत पडला पाहिजे. ती सभा हुकलीच, तर पुरवणी आराखड्याची सोय आहे, पण तिथे नवे काम घालण्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांची इच्छा लागते, आणि आपल्या पत्राच्या सुरावरून ती फारशी दिसत नाही.

मंजूर आराखडा, त्यातील कामे आणि कामनिहाय झालेला खर्च ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. गावातील एखाद्या महाविद्यालयीन मुलाला सोबत घेऊन मागील दोन वर्षांची कामांची यादी छापून घ्यावी आणि सभेत तीच हातात धरून बोलावे. तोंडी तक्रारीला तोंडी उत्तर देता येते. कामाचे नाव, रक्कम आणि निधीचा प्रकार यांची छापील ओळ पुढे आली की उत्तर शोधावे लागते.

प्रश्न : आमच्याकडे ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते, नंतर कधीतरी भरते आणि आम्हाला ठराव कळतात ते झाल्यावर. महिलांच्या सह्या तर घरी येऊन घेतल्या जातात. अशा सभेत आमच्या म्हणण्याला काय किंमत?
– एक वाचक भगिनी, जिल्हा जालना

उत्तर : ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजेच कोरम, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरली जाते. म्हणजे मोठ्या गावातही शंभर माणसे पुरतात. मात्र तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, आणि नेमकी हीच पळवाट अनेक गावांत पद्धत होऊन बसली आहे. पहिल्या तारखेला कोणी फिरकत नाही, दुसऱ्या तारखेला दहा-बारा जण बसतात आणि वर्षभराची कामे तेवढ्यांत ठरतात. यावर उपाय एकच, तो म्हणजे पहिल्याच तारखेला शंभर जण जमविणे. बचत गटांच्या आठवड्याच्या बैठका जिथे नियमित भरतात, तिथे हे काम वाटते तेवढे अवघड नाही.

दुसरे असे की, प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातच आहे. ही सभा कागदावर उरकली जात असेल तर घरी आलेल्या रजिस्टरवर सही करू नये. नकार देताना वाद घालण्याचीही गरज नाही, ‘सभेला येऊन सही करते’ एवढे वाक्य पुरते. पाणी, शौचालय, अंगणवाडी, दिवाबत्ती यांविषयीची मागणी महिला सभेत ठरावाच्या रूपाने मांडावी, सूचक आणि अनुमोदक म्हणून आपल्यापैकीच दोघींची नावे द्यावीत आणि ठराव इतिवृत्तात उतरेपर्यंत जागेवरून उठू नये. प्रोसिडिंग बुकात पाने कोरी सोडलेली दिसली किंवा दोन ठरावांमध्ये चार बोटे जागा राखलेली दिसली, तर तिथेच आडवी रेघ मारण्याचा आग्रह धरावा. मागाहून घुसणारे बहुतेक ठराव अशाच जागेतून येतात. इतिवृत्ताची नक्कल माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून मागता येते आणि तिला उत्तर देण्याची मुदत 30 दिवसांची आहे.

प्रश्न : ग्रामसभा गावांना आहे. पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्यांना असा काही अधिकार आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अधिकार म्हणावा असा नाही, संधी मात्र आहे. पुणे महानगरपालिकेने 2006 मध्ये सहभागी अंदाजपत्रक सुरू केले. त्यात नागरिक आपल्या प्रभागातील पदपथ, बाके, दिवे यांसारखी छोटी कामे ठरावीक नमुन्यात सुचवितात आणि छाननीनंतर त्यांतील काही कामांची पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद होते. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात 1989 मध्ये ज्या पद्धतीची सुरुवात झाली, तिच्यात लोक सभेत बसून कामांचा प्राधान्यक्रम ठरवीत. पुण्यात अर्ज आणि निर्णय यांच्या मध्ये अशी खुली सभा नाही, आणि माझ्या मते योजनेचा सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. अर्ज भरण्याची मुदत पावसाळ्याच्या सुमारास येते आणि थोडीच असते. अर्जाची पोच घ्यावी, आणि अंदाजपत्रक जाहीर झाल्यावर आपले काम त्यात आले की नाही व नसल्यास कोणत्या कारणाने वगळले, हे क्षेत्रीय कार्यालयाला त्या पोचेचा क्रमांक घालून लेखी विचारावे.