आधी ताटात, मग मोबाइलवर

प्रिय पोरी,

तुझ्या स्वयंपाकाच्या व्हिडिओंसाठी लागणाऱ्या सामानाची यादी वाचली. बदामाचं पीठ, ओट्सचं दूध, झँथन गम, न्यूट्रिशनल यीस्ट. हे सगळं कुरिअरनं आर्वीपर्यंत येणार, आणि तिथून गावात कोण आणणार तर तुझा भाऊ, त्याच्या सवडीनं. वर मला विचारतेस, "काकू, एवढं नसलं तर व्हीगन आणि ग्लुटेन फ्री व्हिडिओ बघणार कोण?" ग्लुटेन म्हणजे गव्हा-जवातलं चिकट प्रथिन; गहू पोटाला सोसत नाही म्हणून सुटला. व्हीगन म्हणजे जनावरापासूनचं काहीच नाही; म्हणून दूध तू मनानं सोडलंस, आणि घरात आजी रोज म्हणते, "काऊन वं, मंग माणसानं खावं तरी काय?"

आजीला सांग, तू जन्मभर खाल्लंस तेच. चून-भाकर, जवसाची चटणी, ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी, पाटोडीचा रस्सा, मुंगवड्या. गोळाभातावर तर आपल्याकडे कडकडीत फोडणीचं तेलच पडतं. तुपाची ऐपत नव्हती म्हणून म्हण हवं तर. रोडगे-पानगे तुझ्यासाठी गेले, कढीगोळेही गेले. त्याचं वाईट वाटू दे, पण बदामाच्या पिठाचे रोडगे थापत बसू नकोस. जे तू रोज जेवत नाहीस ते लोकांना दाखवायचं नाही. आधी ताटात, मग मोबाइलवर.

ज्वारीला चिकटपणा नाही म्हणून गम हवा, असं लिहितेस. मग आजीची भाकर कशावर उभी आहे? उद्या सकाळी तिच्या शेजारी बस आणि हात बघ. उकळतं पाणी पिठात ओतते, उलथण्यानं कालवते, हाताला सोसेल इतकं निवलं की तळव्याच्या टाचेनं रगडते. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच धरून ठेवतो. भाकर काठाला चिरली तर पीठ विरी गेलेलं, म्हणजे जुनं होऊन त्याची धरण गेलेली असते, म्हणून ती आठ दिवसांपुरतंच दळून आणते. वड्या-कटलेट बांधायला काही लागलंच तर चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजव. दहा मिनिटांत बुळबुळीत होते, अंड्याच्या जागी चालते. जवस तुमच्या घरात आहेच.

आता जरा रागावणार आहे. तुझ्या शेवटच्या व्हिडिओत तू छातीठोकपणे सांगितलंस, "ज्वारी आहे, म्हणजे ग्लुटेन फ्री." दळलंस कुठे? गावात चक्की एक. तुझ्याआधी कोणाचे तरी पायलीभर गहू पडलेले, दगडात आणि तोंडाच्या कापडी पिशवीला कणीक बसलेली, त्यावर तुझी ज्वारी. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची ग्लुटेन फ्रीची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेनची आहे. किलोभर ज्वारीत एक ग्रॅम कणीक मिसळली तरी ती केव्हाच ओलांडली जाते. ज्याला नुसती गव्हाची पोळी जड पडते त्याचं भागेल. पण सिलियाक म्हणजे ग्लुटेननं आतडं सोलवटणारा आजार. तो असलेल्या लेकराची आई तुझा व्हिडिओ बघत असेल तर? घरचं जातं धुऊन काढ, त्यात फक्त ज्वारी-डाळ दळ, नाहीतर घरघंटी घे आणि तिला गहू दाखवूही नकोस. कुरिअरचे पैसे वाचतील त्यात घाल.

तू दोन गोष्टींची एकच मोट बांधली आहेस. दूध सोडणं ही तुझी निवड. पाहुण्यांकडे चुकून दह्याचा हात लागला तर मन खाईल, आतडं नाही सोलणार. गव्हाचं तसं नाही. आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून व्हीगन समजू नकोस. त्यात दूध, तूप, मध सगळं चालतं. व्हीगनसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत, खूणही वेगळी, हिरवा इंग्रजी व्ही. पाकीट उलटं करून वाचायची सवय लाव. सातूचं पीठ म्हणून जे मिळतं त्यात गहू असतो, कधी जव. दोन्ही तुला नाहीत.

पाकीट वाचण्यावरूनच मी हट्टी ठरले, हे तुझ्या कानावर आलं असेल. एका मसालेवाल्यांना त्यांचा हिंग माझ्या ग्लुटेन फ्री पाटोडीच्या व्हिडिओत हवा होता. डबी उलटली, मैदा लिहिलेला. बांधणीच्या, म्हणजे पीठ मिसळून केलेल्या, हिंगात बहुधा मैदा नाहीतर गव्हाचं पीठ असतंच, तांदळाच्या पिठाचा किंवा नुसत्या डिंकाचा शोधून घ्यावा लागतो. मी नाही म्हटलं. ते काम दुसऱ्या बाईंकडे गेलं आणि आज त्यांना बघणारे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. पैसे गेल्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू, घराचं अर्धं छप्पर झालं असतं. लोक म्हणतात, चिमूटभर हिंगानं कोण मरतं? पण तो हिंग मी माझ्या भाचीच्या पानात घातला नसता. तिला गहू चालत नाही. तिच्या ताटात जे नाही ते मोबाइलवर नाही. मी बरोबरच होते, आजही म्हणते.

बघणारे कमी मिळतील. मिळू देत. धापोडे, आपले ज्वारीचे पापड, मात्र जरूर दाखव, उन्हाळ्यात आजी घालेल तेव्हा, भिजवण्यापासून कपड्यावर पसरेपर्यंत सगळं. मुंबई-पुण्यात कोणी पाहिलेले नसतात.

आणि एक राहिलं. तपासणी झाल्याशिवाय गहू बंद केलास का? सिलियाकची रक्ततपासणी गहू खात असतानाच खरं सांगते, सोडल्यावर निकाल फसवा येऊ शकतो. नागपूरला जाशील तेव्हा डॉक्टरांना हे आधी सांग, स्वतःच्या मनानं परत सुरूही करू नकोस. त्याच फेरीत बी-१२ जीवनसत्त्व बघून घे. दूध सोडलेल्याला ते भाजी-भाकरीतून मिळत नाही, गोळी घ्यावीच लागते. त्यावर "नैसर्गिक उपाय" सांगणारा व्हिडिओ केलास तर मी फोन उचलणार नाही. रिपोर्ट आले की कळव.

तुझी काकू