आजोबांचा पंचम, नातीचा षड्ज

प्रश्न : वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी नातीबरोबर गाण्याच्या क्लासला जाऊ लागलो आहे. गुरुजी मला काळी एकचा ‘सा’ लावायला सांगतात आणि नातीला काळी चारचा. मग खरा ‘सा’ कोणता? पट्टी आणि स्वर यांत फरक काय?

उत्तर : दोन्ही ‘सा’ खरे आहेत. पेटीवर दोन काळ्या पट्ट्यांची जोडी दिसते, तिच्यातली पहिली ती काळी एक. तिच्या पुढच्या तीन काळ्यांच्या गटातली मधली ती काळी चार. ही पेटीवरची जागा झाली. गाणारा ज्या जागेला आपला ‘सा’ मानून गातो, तिला त्याची पट्टी म्हणतात, आणि ती गळ्याच्या ठेवणीवरून ठरते. पुरुषांची पट्टी सहसा खालची, स्त्रियांची आणि मुलांची वरची असते. स्वराचे नाव मात्र त्या ‘सा’पासूनचे अंतर सांगते. पाठ्यपुस्तकांत ‘सा’, म्हणजे षड्ज, सेकंदाला २४० कंपनांचा मानतात, तेव्हा पंचम, म्हणजे ‘प’, ३६० आणि तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला ‘सा’, ४८० कंपनांचा येतो. ‘सा’ दुसरा घेतला तर सगळे आकडे बदलतात, पण पंचम ‘सा’च्या दीडपट आणि तार षड्ज दुप्पट, हे नाते बदलत नाही.

हे घरच्या पेटीवर पाहता येईल. काळी एकवर आपला ‘सा’ धरून शुद्ध स्वर वाजवत गेलात, तर रे काळी दोनवर, ग पांढरी चारवर, म काळी तीनवर आणि प नेमका काळी चारवर येईल. म्हणजे आपला पंचम हाच नातीचा षड्ज आहे. आता काळी चारवर ‘सा’ धरून ती वर गेली, की तिचा शुद्ध मध्यम, म्हणजे ‘म’, वरच्या सप्तकातल्या काळी एकवर, म्हणजे आपल्या तार षड्जावर पडेल. एकदा दोघांनी मिळून असे वाजवून आणि गाऊन पाहावे, कारण ही गोष्ट वाचून जितकी कळते त्याहून कितीतरी अधिक कानाला कळते.

प्रश्न : भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा रे ग प ध हेच पाच स्वर आहेत. तरीही भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात का घालतात? थाट आणि राग यांतला फरक परीक्षेपुरता पाठ आहे, पण समजलेला नाही.

उत्तर : आपण अगदी योग्य ठिकाणी अडला आहात. थाट ही रागांच्या वर्गीकरणाची सोय आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी संगीतातले राग दहा थाटांत लावून दिले. थाटात सातही स्वर क्रमाने असावे लागतात आणि तो गायचा नसतो. राग गायचा असतो, त्यात कमीत कमी पाच स्वर पुरतात, पण त्याला आरोह-अवरोह (स्वरांचा चढ-उतार), वादी-संवादी (मुख्य स्वर आणि त्याच्या खालोखाल महत्त्वाचा स्वर) आणि स्वतःची चाल लागते.

कल्याण आणि बिलावल या थाटांत फरक एकाच स्वराचा आहे : कल्याणात मध्यम तीव्र, बिलावलात शुद्ध. भूप आणि देशकार या दोघांतही मध्यम मुळीच नाही, निषादही (नी) नाही. म्हणजे थाट ठरवणारा स्वरच गैरहजर आहे आणि नुसत्या स्वरांवरून निर्णय होऊच शकत नाही. तो रागाच्या चालीवरून, म्हणजे अंगावरून, करावा लागतो.

भूपाचा वादी गंधार (ग) आणि संवादी धैवत (ध). देशकारात याच्या उलट. वादी म्हणजे नुसता जास्त वेळा येणारा स्वर असे समजू नये. राग ज्याच्या आधाराने उभा राहतो आणि फिरून ज्याच्याकडे येतो, तो वादी. ‘सा रे ग, प ग, ध प ग, रे सा’ असे सावकाश गाऊन गंधारावर थांबा. संध्याकाळनंतरचा शांत भूप दिसू लागतो. आता ‘सा, ग प ध, ध प, ग प ध प’ असे म्हणून वरच्या बाजूला धैवतावर जोर द्या आणि रिषभ (रे) निसटता ठेवा. स्वर तेच असूनही सकाळचा देशकार उभा राहतो. भूप गाताना धैवतावर गरजेपेक्षा जास्त रेंगाळले की शिक्षक लगेच हटकतात, ते याचसाठी. परीक्षेत उत्तर लिहिण्याआधी हे दोन तुकडे रोज गायलात, तर व्याख्या वेगळी पाठ करावी लागणार नाही, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : लय आणि ताल एकच का? त्रितालात खाली कशी ओळखावी?

उत्तर : मात्रा म्हणजे ताल मोजण्याचा एक ठोका. दोन मात्रांमधले सारखे अंतर म्हणजे लय, ते कमी केले की लय द्रुत होते, वाढवले की विलंबित. ताल म्हणजे त्या मात्रांची ठरलेली मांडणी. त्रितालाच्या १६ मात्रा असतात, चार-चारांचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे तिथे टाळी न देता हात मोकळा सोडायचा. पहिली मात्रा ती सम.

खाली ओळखण्यासाठी डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या घुमणाऱ्या वाद्याकडे, कान द्यावा. ‘धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा’ या ठेक्यात दहाव्या मात्रेला ‘तिं’ आला, की डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला परत येतो. या मोकळ्या जागेवरून सम जवळ आल्याचे गाणाऱ्याला मोजल्याशिवाय कळते. मध्यलयीतल्या पुष्कळ बंदिशींचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, नवव्या मात्रेपासूनच उठतो, म्हणजे गवई त्या मोकळ्या जागेतूनच समेकडे निघालेला असतो. एक अपवाद आताच लक्षात ठेवावा : सात मात्रांच्या रूपकात पहिल्याच मात्रेला खाली असते, त्यामुळे तिथे समेला टाळी द्यायची नाही.