अ‍ॅनालॉग स्कॅनर आता घ्यावा का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. पोलीस आणि विमानांचे संभाषण ऐकण्यासाठी जुना अ‍ॅनालॉग रेडिओ स्कॅनर स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?

उत्तर : केवळ पोलिसांसाठी घेणार असाल, तर घेऊ नये. अमेरिकेतील अनेक पोलीस दले ‘पी-२५’ या डिजिटल पद्धतीकडे वळली असून, अ‍ॅनालॉग स्कॅनरवर त्यांच्या संदेशांची नुसती खरखर ऐकू येते. शिवाय संदेश कूटबद्ध (इतरांना कळू नयेत म्हणून सांकेतिक रूपात पाठवलेले) असतील, तर महागडा डिजिटल स्कॅनरही निरुपयोगी ठरतो. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ मध्ये तसे कूटबद्धीकरण सुरू केले, ही श्रोत्यांच्या दृष्टीने खेदाचीच गोष्ट आहे.

विमानांचे मात्र वेगळे आहे. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष आजही ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ए.एम. पद्धतीने बोलतात, कारण दोघे एकाच वेळी बोलू लागल्यास एफ.एम.मध्ये दुबळा संदेश पुरता दबून जाण्याची शक्यता असते, तर ए.एम.मध्ये गोंधळ निदान कानावर तरी पडतो. बोटींचे संभाषण आणि १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासची हवामानवार्ताही अ‍ॅनालॉगच आहे. तेव्हा स्कॅनर विमानपट्टा ए.एम.मध्ये पकडतो का, एवढे तपासून तो आनंदाने घ्यावा.