लशीनंतर वडिलांचा खांदा धरला. इंदूरमध्ये कंपनीवर दावा लावता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांनी खासगी क्लिनिकमध्ये फ्लूची लस घेतली, त्याच रात्री खांदा दुखायला लागला आणि आता चार महिने झाले तरी हात डोक्यापर्यंत जात नाही.

कंपनीच्या नादी लागू नका. मी इथेच वकिली करते, ग्राहक आयोगातली प्रकरणं बघते (इंदुरात अजून सगळे 'उपभोक्ता फोरम'च म्हणतात). लस सदोष होती हे सिद्ध करणं घरच्या माणसाच्या आवाक्याबाहेरचं असतं. शिवाय तुमच्या वर्णनावरून गडबड लशीत कमी, टोचण्याच्या जागेत जास्त वाटते. दंडाचा मांसल भाग सोडून वर, खांद्याच्या हाडालगत सुई गेली तर सांध्याजवळच्या पिशवीला सूज येते. अमेरिकेत ही इजा २०१७ पासून सरकारी भरपाईच्या यादीत आहे. दुखणं ४८ तासांत सुरू झालेलं असलं की टोचणाऱ्याची चूक दाखवावीच लागत नाही. आपल्याकडे फ्लूच्या लशीसाठी असा निधी नाही. निष्काळजीपणा तुम्हालाच दाखवावा लागेल.

त्यामुळे आधी कागद. बिलावर बहुधा नुसतं 'इंजेक्शन चार्ज' असेल, त्यावर काही उभं राहत नाही. लसीकरण कार्डावर कुपीचं स्टिकर असेल तर बॅच नंबर मिळेल. नसेल तर नोंदी लेखी मागा. वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. एमआरआय करा. लस कधी घेतली, दुखणं कधी सुरू झालं, हे हाडांच्या डॉक्टरांना केसपेपरवर लिहायलाच लावा. समोरचा वकील म्हणणार, "हा तर फ्रोझन शोल्डर, शुगरवाल्यांना होतोच." वडिलांना शुगर असेल तर लपवू नका, आधीच्या तपासण्याही जोडा. १८००-१८०-३०२४ या सरकारी हेल्पलाइनवर दुष्परिणामाची नोंद करा. पैसे मिळणार नाहीत, पण तारीख कागदावर येते.

ग्राहक आयोगात क्लिनिकविरुद्ध तक्रार करा, तिची मुदत दोन वर्षं. फी मागितलेल्या भरपाईवर नाही, क्लिनिकला दिलेल्या पैशांवर ठरते आणि ५ लाखांपर्यंत ती शून्य आहे. वकील नसला तरी चालतं, हे मीच सांगतेय! अर्ज हिंदीत करा. लस सगळ्यांना मोफत देणाऱ्या सरकारी दवाखान्यात घेतली असती तर ही वाट बंद होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच तसं ठरवलंय. मग दिवाणी कोर्ट.

फिजिओथेरपी मात्र निकालासाठी अडवून ठेवू नका. डॉक्टर सांगतील तशी लगेच सुरू करा आणि प्रत्येक पावती जपा, रक्कम त्यावरूनच मांडायची आहे.