इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या भिंतींवर विचित्र दगडी तोंडं का कोरलेली असतात?

छपराच्या कडेचा भार घ्यायला भिंतीतून दगड बाहेर काढलेले असतात, त्यांना कॉर्बेल म्हणतात, त्यांच्याच टोकांवर ही तोंडं कोरायचे. बघायचीच तर हेरफर्डशायरमधल्या किलपेक गावचं चर्च बघा, साधारण ११४० च्या आसपासचं, लाल वालुकाश्मातलं, एवढुसं चर्च पण ८५ कॉर्बेल अजून टिकून आहेत!! त्यातले शेजारी शेजारी बसलेले कुत्रा आणि ससा तर इतके गोड आहेत की आजचं कार्टून वाटावं.

आणि तिथेच शीला-ना-गिग पण आहे, म्हणजे दोन्ही हातांनी स्वतःची योनी उघडून दाखवणारी बाई. कोणी म्हणतं वासनेपासून सावध करायला, कोणी म्हणतं वाईट शक्ती पळवायला, अभ्यासकांचं एकमत नाही, मला स्वतःला दुसरं जास्त पटतं.